येतो, काकाजी

काकाजींनी तिसऱ्यांदा चहा मागवला तेव्हा डेस्मंड माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "डॉक, हे मला काढून टाकतायत."

सहा फूट नऊ इंचांचा माणूस बसल्या जागी कितीही वाकला तरी त्याची कुजबुज वरूनच येते. मी दचकून समोर पाहिलं. काकाजी बशीत चहा ओतण्यात गुंतले होते. शेजारी त्यांचा पुतण्या पराग पेनचं टोपण काढत होता आणि लावत होता. खोलीतला कूलर एवढा घुरघुरत होता की आमचं कोणाला काही ऐकू गेलं नसावं.

"तुला कसं कळलं?" मी इंग्रजीत पुटपुटले. "ते अजून काहीच बोलले नाहीत."

"म्हणूनच," तो म्हणाला.

"काय म्हणते तो?" काकाजींनी विचारलं.

"चहा फर्मास आहे म्हणतो."

"मंग आणखी सांगू का?"

"नको, नको!" मी आणि डेस्मंड एकदम म्हणालो. त्याला 'नको' येत होतं. नागपुरात पाहुणचार घ्यायचा तर तो शब्द यावाच लागतो.

ही हिंगण्याच्या एमआयडीसीतली, झाडे सिमेंट पाइप्सच्या कचेरीतली एप्रिलमधली दुपार. वामनराव झाडे मालक, पण त्यांना सगळं गाव काकाजी म्हणायचं. खरा पुतण्या एकटा पराग, त्यामुळे या फुकटच्या पुतण्यांचा त्याला राग यायचा. त्या वर्षी कोणाच्या तरी डोक्यात देशभर बास्केटबॉलची लीग काढायचं आलं होतं. शहराशहराचे संघ, प्रत्येकाला एक मालक आणि एकच परदेशी खेळाडू. काकाजी तरुणपणी मंडळाच्या कोर्टावर बनियन-चड्डीवर खेळलेले. 'उंची नव्हती, पण उडी लय होती,' असं ते स्वतःच सांगायचे. त्यांनी लगेच नागपूरचा संघ घेतला आणि नाव ठेवलं विदर्भ वाघ. जर्सीवरचा वाघ पाहून माझी आई म्हणाली होती, "हे मांजर कोणावर एवढं कावलंय?"

मी तेव्हा नुकतीच फिजिओथेरपिस्ट झालेली. धरमपेठेत दवाखाना थाटला होता, त्यात पेशंटपेक्षा डास जास्त. माझं इंग्रजी बरं होतं, म्हणून काकाजींनी मला उचललं. खेळाडूंचे गुडघे मी बघायचे आणि परदेशी पाहुण्याचं बोलणंही मीच पोचवायचं. माझं नाव ज्योत्स्ना. ते अमेरिकन जिभेवर चढणं शक्यच नव्हतं, म्हणून डेस्मंडनं पहिल्याच दिवशी हात टेकले आणि मला 'डॉक' करून टाकलं. तो माझ्यापेक्षा चांगला दहा वर्षांनी मोठा. इंग्रजीत सगळेच 'यू', पण मनातल्या मनात मी त्याला 'तू'च म्हणायचे.

डेस्मंड व्हिटलॉक. ओहायोतल्या टायर कारखान्याच्या गावचा. आई शाळेची बस चालवायची, आणि हा उंच होत गेला तसा बसच्या मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आला, पाय पसरायला. कॉलेजात त्याचं नाव झालं, मग अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्येही तो पोचला. पण तिथे त्याचं सगळं खेळणं दहा-दहा दिवसांच्या करारांवर. असे करार असतात हे मला त्याच्याकडूनच कळलं.

"दहा दिवस?" मी म्हणाले होते. "आमच्याकडे दहा दिवस गणपती बसतो."

"मग?"

"मग वाजतगाजत नेतात आणि पाण्यात बुडवतात."

तो इतका हसला की मला गुडघ्यावरचा बर्फ धरून ठेवावा लागला. "डॉक, तो मीच आहे!"

"पण त्याला आम्ही सांगतो, पुढच्या वर्षी लवकर या."

"ते मला कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला, हसत हसतच.

तिथून पुढे तो टर्की, फिलिपिन्स, अर्जेंटिना, लिथुआनिया असा जगभर हिंडला, आणि सगळीकडून त्याला काढलं. ते किस्से तो फार रंगवून सांगायचा. कुठे हॉटेलच्या खोलीचं कार्ड अचानक चालेनासं झालं. कुठे संघाची बस त्याला न घेता निघून गेली. एका गावी त्याचे बूट खोक्यात घालून दाराबाहेर ठेवलेले दिसले, त्यावरून कळलं. अर्जेंटिनात मालक त्याच्या गळ्यात पडून रडला आणि शेवटी डेस्मंडलाच त्याची समजूत घालावी लागली. टर्कीत मात्र चहा आला, छोट्या पेल्यांतून, एकामागून एक. तेव्हापासून त्यानं पक्कं ठरवलं होतं की मालक दुसऱ्यांदा चहा विचारतो तेव्हा सामान बांधायला घ्यावं.

एकदाच तो किस्सा सांगता सांगता थांबला होता. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून मी त्याचा गुडघा शेकत होते.

"डॉक, इतकी वर्षं खेळलो, पण हा आपला इथला शेवटचा सामना आहे हे खेळताना मला कधीच माहीत नव्हतं. दर वेळी नंतर कळलं. हे माझं शेवटचं वर्ष. एकदा तरी मला आधी माहीत हवं. कोर्टावर उभं राहून, लोकांकडे बघून, निघतो म्हणायचंय. तेवढं झालं की मी घरी जाईन आणि बूट आईच्या गॅरेजात टांगेन."

"म्हणशील की," मी म्हणाले. "फायनलला म्हण. आपण जाणारच फायनलला."

आणि आम्ही खरंच फायनलला गेलो, पण त्याच्या गुडघ्यानं मध्येच दगा दिला. आमचं कोर्ट सिमेंटचं, काकाजींच्याच सिमेंटचं, एकदम टणक. शेवटचे सामने तो बाकावरच बसून होता. फायनल रविवारी, समोर लुधियानाचा संघ. पराग हिशेबी माणूस. त्यानं एक चोवीस वर्षांचा ताजा अमेरिकन शोधून मुंबईत आणून ठेवला होता. नियम असा की परदेशी एकच. नवा यायचा तर जुना गेला पाहिजे.

म्हणून हा चहा.

आता आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नव्या देशात गेलं की डेस्मंड सगळ्यात आधी निघतानाचा शब्द शिकायचा. "'हॅलो' म्हणायला सगळे वेळ देतात," तो म्हणायचा. "निरोपाला देत नाहीत. तो शब्द आधी पाठ हवा." आमच्या खामल्याच्या घरी तो पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा त्यानं मला तेच विचारलं. तोवर स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्याचं डोकं दोनदा आपटलं होतं आणि आईनं तिथे जुनी उशी सुतळीनं बांधून टाकली होती.

मी सांगितलं, "येते."

निघताना त्यानं हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "येते, आई."

आईनं तोंडाला पदर लावला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, त्याला पुरुषासारखं तरी शिकव!"

मग 'येतो' झालं. त्याच्या तोंडी ते 'येटो' व्हायचं. आई म्हणाली, "या हं."

"आई काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"ये म्हणाली."

"थांब. मी म्हणतो येतो. त्या म्हणतात ये. आणि मग मी जातो?"

"बरोबर."

"आणि त्या 'या' म्हणाल्याच नाहीत तर?"

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "तर काय, दारात उभं राहायचं वेड्यासारखं. कोणी 'या' म्हटल्याशिवाय निघतं का माणूस?"

डेस्मंडला हे भयंकर आवडलं. पुढे पोह्याच्या गाडीवर, रसवंतीवर, रिक्षातून उतरताना, सगळीकडे तो 'येटो' म्हणायचा आणि 'या' ऐकल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. तर्री पोहेवाल्याला तर त्यानं गिऱ्हाइकांच्या गर्दीत ताटकळवलं होतं.

तर, हिंगण्याची ती कचेरी आणि तिसरा चहा.

"सांग त्याले," काकाजी म्हणाले, "का बाप्पा, तुमचा खेळ म्हणजे खेळ होता."

मी सांगितलं. "'होता' ऐकलंस ना?" डेस्मंड म्हणाला.

"सांग, का माणूस म्हणून लय चांगला हाय."

मी तेही सांगितलं. "आता 'पण' येईल," डेस्मंड म्हणाला.

"पण…" काकाजी म्हणाले, आणि तिथेच अडले.

काटोलकडच्या खेड्यातून आलेला माणूस. कारखान्यात कामगारांवर ओरडायचे तर भिंतीपलीकडे ऐकू जायचं, पण समोर बसलेल्या माणसाला 'जा' म्हणायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. ते बशीकडे बघत राहिले. मग डेस्मंडच्या गुडघ्याकडे बघून म्हणाले, "विचार त्याले, दुखते का?"

"काकाजी, मी सांगू का?" पराग म्हणाला.

"तू चूप बस."

"तिकडे तो माणूस विमानाच्या तिकिटासाठी खोळंबलाय—"

"चूप बस म्हटलं ना!"

काकाजींच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता, कूलरच्या अगदी समोर बसून. डेस्मंडनंही तो पाहिला असणार. त्यानं खुर्चीच्या हातांवर जोर दिला, दुखरा पाय सावरत उठला, पंख्याखाली मान वाकवली आणि दोन्ही हात जोडले.

"येटो, काकाजी," तो म्हणाला.

जगभर ज्याला लोकांनी काढलं त्यानं पहिल्यांदा स्वतःहून निरोप घेतला होता, आणि तो कशासाठी, तर समोरच्या म्हाताऱ्याला तो वाईट शब्द उच्चारायला लागू नये म्हणून. रविवार हातचा गेला. कोर्टावर उभं राहून निघतो म्हणायचं होतं, ते त्यानं पाइपांच्या नमुन्यांनी भरलेल्या खोलीत म्हणून टाकलं.

काकाजींची बशी ओठांपर्यंत जाऊन थांबली होती. त्यांनी मान वर करून डेस्मंडकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"काय म्हणून राहिला हा?"

इथे मी काय केलं ते मी नंतर कैक वर्षं लोकांना मिरवून सांगितलं. काकाजींना त्या 'येटो'चा अर्थ लागला नाही हे माझ्या एका क्षणात ध्यानात आलं, आणि दुसऱ्या क्षणी मी अगदी निष्पाप चेहऱ्यानं म्हणाले, "येतो म्हणतो."

"कुठी येतो?"

"रविवारी. खेळायला."

"असं नाही म्हणाला तो!" पराग ताडकन उठला. "काकाजी, हात जोडले त्यानं. जातो म्हणाला."

"हात जोडले म्हणजे नमस्कार केला," मी म्हणाले. "मोठ्या माणसांना करतात तसा. आणि 'जातो' कुठे म्हणाला? तुम्हीही ऐकलंत. 'येतो' म्हणाला."

शब्दाला शब्द लावला तर माझंच खरं होतं.

काकाजींनी बशीतला चहा सावकाश परत कपात ओतला. एक थेंब सांडू दिला नाही.

"पराग," ते म्हणाले, "माणूस आपल्या तोंडानं येतो म्हणते, अन् मी त्याले नको येऊ म्हणू? आपल्या घरची अशी रीत हाय का?"

"काकाजी, हा घरी यायचा पाहुणा नाही. फायनल आहे!"

"मले बास्केटबॉल शिकवतं का तू? त्या मुंबईच्या पोट्ट्याले सांग, जेवून घे म्हणा चांगलं, अन् जाय आपल्या घरी." मग डेस्मंडकडे बोट करून त्यांनी आपलं सगळं इंग्रजी खर्चून टाकलं. "संडे. कम."

डेस्मंड माझ्याकडे बघत राहिला. "डॉक, हे काय झालं?"

"बाहेर चल आधी," मी म्हणाले. "हस आणि चल."

जीपमध्ये मी त्याला सगळं उलगडून सांगितलं. तो हसायला लागला आणि थांबेचना. ड्रायव्हरनं दोनदा मागे वळून पाहिलं.

"म्हणजे मी गुडबाय म्हणालो आणि त्यानं मला ठेवून घेतलं?"

"हो."

"तुमची भाषा बिघडलेली आहे, डॉक."

"आहे खरी."

"कोणाला दुरुस्त करू देऊ नका."

रस्त्याच्या कडेला पाइपांचे ढीग, टपऱ्या, उन्हात उभे ट्रक मागे जात होते. "रविवार," तो म्हणाला. "शेवटचा सामना. आणि आज मला तो माहीत आहे." त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. मला त्याचं इतकं बरं वाटलं की मी ड्रायव्हरला उगाचच रसवंतीवर थांबायला लावलं आणि सगळ्यांना रस पाजला.

रविवारी संध्याकाळी मैदान ठेचून भरलं होतं. पहिल्या रांगेत काकाजींसाठी घरून सोफा आणला होता. शेजारी पराग, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. आमचे कोच खोब्रागडे सर कमी बोलणारे. मी त्यांना सांगितलं, "सर, याच्या गुडघ्यात आता थोडंच उरलंय. शेवटासाठी ठेवा." त्यांनी मान हलवली आणि डेस्मंडला बाकावर बसवलं.

लुधियानाची पोरं दांडगी. आमच्याकडून एकटा मोईन झुंजत होता. रेल्वेत तिकीट खिडकीवर बसायचा, पण कोर्टावर पाऱ्यासारखा निसटायचा. तरी आम्ही मागे पडत गेलो आणि प्रेक्षकांचा धीर सुटत गेला. कुंपणाजवळचा एक गडी खच्चून ओरडला, "अबे, त्या लंबूले खुर्चीच द्या ना घरी न्यायले!"

"काय म्हणतायत?" डेस्मंडनं विचारलं.

"तुझी काळजी करतायत."

शेवटच्या भागात सरांनी त्याला उतरवलं. त्याला उडी मारता येत नव्हती, म्हणून त्यानं मारलीच नाही. तो बास्केटखाली नुसता पाय रोवून उभा राहिला. लुधियानाचे दोन-दोन गडी त्याला ढकलत होते आणि मोईन त्याच्या आडोशानं जाऊन चेंडू टाकत होता. एक झाली, दुसरी झाली. कुंपणावरचा तोच गडी आता ओरडायला लागला, "हलू नको, लंबू! बुरुज हाय बे आपला!" मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. खोब्रागडे सर चक्क उभे राहिले.

एका गुणानं आम्ही मागे होतो आणि घड्याळ संपत आलं होतं. मोईनला तिघांनी घेरलं. त्यानं चेंडू उंच फेकला आणि तो डेस्मंडच्या हातात आला, बास्केटच्या अगदी पुढ्यात. आणि डेस्मंडनं त्या संध्याकाळची पहिली उडी मारली.

चेंडू कड्यावर फिरला. सगळं मैदान श्वास धरून त्याच्याबरोबर फिरलं. मग तो बाहेरच्या बाजूनं पडला आणि शिट्टी झाली.

हरलो. लोकांच्या तोंडून एकच आवाज निघाला, आणि मग चपला सरकवायचे, पोरांना हाका मारायचे, मोटारसायकलींना किक मारायचे आवाज. सोफ्याजवळून जाताना परागला काकाजींना म्हणताना मी ऐकलं, "सांगितलं होतं मी."

डेस्मंड गुडघ्यावर हात टेकून वाकलेला होता. मी बर्फाची पिशवी घेऊन पळाले, पण तो माझ्याकडे आलाच नाही. लंगडत लंगडत निवेदकाच्या टेबलाशी गेला. निवेदक बिचारा प्रायोजकांचे आभार मानायला उभा राहिला होता. डेस्मंडनं त्याच्या हातातून माइक घेतला.

"नागपूर," तो म्हणाला.

दाराशी पोचलेले लोक वळले. डेस्मंडनं माइक काखेत धरला आणि दोन्ही हात जोडले. मग पुन्हा माइक तोंडाशी नेला.

"येटो."

कोणाला काय करावं कळेना. आत्ताच ज्यानं हातातला सामना घालवला त्या माणसानं भर मैदानात निरोप घेतला होता, तोही आमच्याच भाषेत. लोक नुसते उभे. आणि तो तिथे माइक धरून उभा, हलेचना. मला एकदम कळलं की तो वाट बघतोय. पोह्याच्या गाडीवर बघायचा तशीच. माझ्या हातातला बर्फ गळत होता, आणि मी मनात म्हणत होते, म्हणा रे कोणीतरी, म्हणा!

सोफ्याची स्प्रिंग वाजली. काकाजी उठले. त्यांनी उजवा हात वर केला आणि कामगारांवर ओरडायचा तो आवाज लावला.

"या!"

क्षणभर गेला असेल नसेल. कुंपणावरच्या गड्यानं साथ दिली, "या, लंबूभाऊ, या!" मग इकडून, तिकडून, दारातून, मोटारसायकलींवरून 'या, या' सुरू झालं. शेवटी कोणीतरी टाळ्यांचा ठेका धरला आणि सगळं मैदान ओरडायला लागलं, "पुढच्या वर्षी लवकर या!"

मी त्याच्यापाशी पोचले तेव्हा तो रडत होता, लपवतही नव्हता.

"गणपती?" त्यानं विचारलं.

"गणपती," मी म्हणाले.

"पण मी चेंडू घालवला, डॉक."

"घालवलास."

"तरी?"

"तरी," मी म्हणाले, आणि वाकून बर्फाची पिशवी त्याच्या गुडघ्यावर धरली.

ती लीग एकाच हंगामात बंद पडली. डेस्मंड घरी गेला, बूट टांगले, आता गावातल्या शाळेच्या मुलींना बास्केटबॉल शिकवतो. दिवाळीला फोन करतो. आईशी त्याचं बोलणं म्हणजे फोन ठेवताना 'येटो' आणि 'या हं', एवढंच. अजून आलेला नाही. आमच्या चौकटीवरची उशी मात्र आईनं काढू दिलेली नाही. घरात सगळे बुटके, आलेगेले विचारतात ही उशी कशाला. आई सांगते, "येतो म्हणालाय तो."

काकाजी आता ऐंशीच्या पुढे. कारखाना पराग बघतो. गेल्या हिवाळ्यात काकाजींचाच गुडघा धरला आणि पराग मला येऊन म्हणाला, "ज्योत्स्नाताई, तुमचंच ऐकतील ते." म्हणून मी त्यांच्या घरी जायला लागले. एका सकाळी त्यांचा पाय शेकता शेकता मी त्यांच्या सुनेला, म्हणजे परागच्या बायकोला, ती जुनी गोष्ट सांगत होते. काकाजी डोळे मिटून पडले होते. मी रंगात आले होते. काकाजींचा चेहरा कसा कोरा, मी कशी निष्पाप, आणि परागची बोलती कशी बंद केली. सून पोट धरून हसली आणि आत गेली.

"डाक्टरीणबाई," काकाजी डोळे न उघडता म्हणाले, "मराठी माही जास्त का तुही?"

"म्हणजे?"

"माणूस उठते, हात जोडते, दाराकडे पाय करते, अन् येतो म्हणते. ते काय रविवारी येतो म्हणते का? लहान लेकराले समजते."

"तुम्हाला कळलं होतं?"

"तुले काय वाटलं, मी बयताड हाय?"

"मग तुम्ही मला विचारलंत कशाला, काय म्हणून राहिला म्हणून?"

त्यांनी डोळे उघडले. "येतो म्हटल्यावर समोरचा काय म्हणते?"

"'या' म्हणतो."

"मंग, मी म्हटलं का?"

मला ती खोली आठवली. कूलर, परागचं पेन, ओठांशी थांबलेली बशी, आणि डेस्मंडकडे बघत राहिलेले काकाजी. काही म्हणजे काही बोलले नव्हते ते.

"सकाळपासून ठरवलं होतं, का आज त्याले काढतो," काकाजी म्हणाले. "त्यानंच माहं काम सोपं केलं. मले फक्त 'या' म्हणायचं होतं. पण माह्या तोंडून निघेच ना. मंग तुले विचारलं. तू बरं सांगतलं."

"आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगत फिरतेय की मी तुम्हाला गंडवलं!"

"सांगत जाय. लोकाईले आवडते."

मी पट्टा गुंडाळला, तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि चेन लावली. ते छताकडे बघत होते. परागची पोरं पुण्याला, सून कामात, खोलीत दिवसभर ते एकटेच. मी पिशवी खांद्याला लावून उठले.

"येते, काकाजी," मी म्हणाले.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी तोच जुना आवाज लावला. "अगं ए, डाक्टरीणबाईचा चहा कुठी हाय?"

मी पिशवी खाली ठेवली.